नर्सिंगची परीक्षा आणि एकत्र अभ्यासाची शिस्त

आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या बाटल्या वापरात आहेत. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट औषध असते, दुसरीत १००. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण लाल, तर १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी. शंभरच्या बाटलीतील औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे, तब्बल ५० युनिट जातात. रक्तातील साखर झपाट्याने उतरते, रुग्ण बेशुद्ध पडू शकतो आणि वेळीच लक्षात आले नाही तर जिवावर बेतते. अशी चूक करणाऱ्या परिचारिकेला औषधशास्त्र येत नसते असे मुळीच नाही. परीक्षेत याच प्रश्नाला तिने कदाचित पूर्ण गुण मिळविलेले असतात. पण त्या क्षणी ती घाईत असते, एकटी असते आणि तिचे गणित दुसऱ्या कोणी तपासलेले नसते.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी एकत्र अभ्यास करावा की एकट्याने, हा प्रश्न वरवर पाहता सवयीचा आणि आवडीचा वाटतो. वास्तविक तो त्याहून मोठा आहे. परीक्षागृहात प्रत्येक जण एकटा असतो. रुग्णालयात मात्र सुरक्षितता दुसऱ्याच्या नजरेवर उभी असते. या दोन टोकांमधला पूल म्हणजे एकत्र अभ्यास. तो कसा करावा, कशासाठी करावा आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याचा हा आढावा.

परवाना कसा मिळतो?

'लायसन्सिंग एक्झाम' हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला आणि त्यामुळे बराच गोंधळही झाला. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार नोंदणीने मिळतो. मान्यताप्राप्त संस्थेत अभ्यासक्रम पूर्ण करावयाचा, त्याची अंतिम परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या नर्सिंग कौन्सिलकडे, नाव नोंदवावयाचे, असा हा क्रम आहे. पदवीनंतर परवान्यासाठी वेगळी परीक्षा देण्याची अमेरिकी पद्धत येथे रूढ नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या दृष्टीने अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा हीच परवान्याची परीक्षा ठरते.

अभ्यासक्रम प्रामुख्याने तीन आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, जी.एन.एम. हा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा. जी.एन.एम. पूर्वी साडेतीन वर्षांचा होता. २०१५ च्या सुधारित अभ्यासक्रमाने तो तीन वर्षांवर आणला. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.च्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. बी.एस्सी.ची बहुसंख्य महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभिमत विद्यापीठे आपल्या परीक्षा स्वतः घेतात. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार बी.एस्सी. नर्सिंगसाठी सत्रपद्धती आली. आठ सत्रे आणि श्रेयांक अशी तिची रचना आहे.

जी.एन.एम.च्या परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण लागतात. लेखीतील भरघोस गुणांनी प्रात्यक्षिकातील उणीव भरून निघत नाही. हा नियम बारकाईने समजून घेतला पाहिजे, कारण अभ्यासाची दिशा त्यावरच ठरते.

नोंदणी एकदा झाली की कायमची, असेही नाही. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे ठरलेले तास पूर्ण करावे लागतात. अलीकडे परिचारिकांची राष्ट्रीय पातळीवरील संगणकीय नोंदही ठेवली जाते आणि प्रत्येकीला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो.

एक जुना वाद

परिचारिकेची पारख परीक्षेने करता येते का, यावर इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला होता. आधुनिक परिचर्येची जननी मानल्या जाणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परीक्षेवर आधारलेल्या सरकारी नोंदणीच्या विरोधात होत्या. रुग्णाजवळ लागणारे गुण, म्हणजे सावधपणा, निरीक्षण आणि शील, कागदावर मोजता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. एथेल बेडफर्ड फेनविक यांची बाजू उलट होती. नोंदवही नसेल तर प्रशिक्षित परिचारिका आणि केवळ तसा पोशाख चढविलेली व्यक्ती यांत सामान्य रुग्णाने फरक कसा करावा, असा त्यांच्या बाजूचा सवाल होता. अखेर फेनविक यांचा पक्ष जिंकला. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिका नोंदणीचा कायदा केला; इंग्लंडमध्ये तो १९१९ मध्ये झाला.

भारतात मद्रास प्रांताने १९२६ मध्ये पाऊल उचलले. मुंबई प्रांताचा परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत नोंदणी कायदा १९३५ चा. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्राचा स्वतंत्र परिचारिका कायदा १९६६ चा आहे. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व सुईणविद्या आयोगाचा कायदा संमत केला असून जुन्या परिषदेच्या जागी आयोग आणण्याची तरतूद त्यात आहे.

कायदे नंतर आले; शिकणाऱ्या स्त्रिया आधी. १८९१ मध्ये मुंबईत बाई काशीबाई गणपत या परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. हे शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून परिचर्येच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने तरुण स्त्रियांना, त्यांत विधवाही होत्या, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले आणि त्यांच्या निवासाची सोय केली. परक्या पुरुषाच्या, परजातीच्या रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचे हे काम मध्यमवर्गीय घरांना तेव्हा मान्य नव्हते. अशा वेळी वसतिगृह म्हणजे केवळ झोपण्याची जागा नव्हती. घराबाहेर पडलेल्या मुलींनी एकमेकींना धीर देण्याची ती जागा होती. नर्सिंगच्या एकत्र अभ्यासाची आपल्याकडील परंपरा तेथवर मागे नेता येते.

नाइटिंगेल यांचा आक्षेप मात्र आजही पूर्णपणे निकालात निघालेला नाही. लेखी परीक्षा ज्ञान तपासते, सावधपणा नाही. तो कोठे शिकावयाचा, हा प्रश्न उरतोच.

उरणहून वॉर्डापर्यंत

उरण हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातील हा तालुका एके काळी मीठ, भात आणि मासळी यांवर जगत होता. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरच्या रांगांनी तालुक्याचे रूप पालटले. ओ.एन.जी.सी.चा वायू प्रक्रिया प्रकल्पही येथेच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथे लागलेल्या आगीत चार जणांचा मृत्यू झाला होता. अवजड वाहनांची सततची वर्दळ, बंदरातील कामगार, किनाऱ्यावरील कोळीवाडे आणि आगरी वस्तीची गावे अशा या तालुक्यात भाजलेल्या आणि अपघातग्रस्त रुग्णांची शुश्रूषा ही पाठ्यपुस्तकातील गोष्ट राहत नाही.

नर्सिंगचे शिक्षण देणारी महाविद्यालये मात्र कामोठे, बेलापूर, नेरूळ या पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यात एकवटलेली आहेत. घरून ये-जा करणाऱ्या उरणच्या विद्यार्थिनीला प्रवास चुकत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी मोरा बंदराची लाँच भरती-ओहोटीच्या वेळा पाळते. ओहोटीला तिची सेवा अडते. नेरूळ-बेलापूरहून येणारी उपनगरी रेल्वे जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचली, तेव्हा या प्रवासाला एक भरवशाचा पर्याय मिळाला. त्याच वेळी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूही खुला झाला.

वॉर्डातील ड्युटी, प्रवास आणि घरकाम यांतून उरलेला तास-दीड तास हाच ज्यांचा अभ्यासाचा वेळ, त्यांना एकत्र अभ्यास म्हणजे चैन वाटू शकते. वसतिगृहातील मुलींना तो सहज जमतो; ये-जा करणाऱ्यांना ठरवून जमवावा लागतो. रेल्वेच्या डब्यातली अर्ध्या तासाची प्रश्नोत्तरे, रविवारी एकीच्या घरी दोन तास आणि प्रात्यक्षिकासाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सुटल्यानंतरचा अर्धा तास, एवढे नियमाने झाले तरी पुष्कळ होते. वेळ किती दिला, यापेक्षा त्या वेळेत काय केले, याला महत्त्व आहे.

वाचन नव्हे, आठवण

अनेक ठिकाणी एकत्र अभ्यास म्हणजे एकीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्यात, असा प्रकार चालतो. त्याने समाधान मिळते, शिक्षण होत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के, तर आठवणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर सांगता आला. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते, आठवणाऱ्यांकडे ६१ टक्के.

याचा अर्थ सरळ आहे. अभ्यासमंडळाचे काम वाचून दाखविण्याचे नाही, विचारण्याचे आहे. वाचन प्रत्येकीने घरी करून यावे. एकत्र बसल्यावर पुस्तक मिटलेले असावे. तीन किंवा चार जणींचा गट सोयीचा पडतो. एकीने प्रश्न विचारावा, दुसरीने उत्तर द्यावे, तिसरीने पुस्तक उघडून पडताळावे आणि दर पंधरा मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. गट सहा-सात जणींचा झाला की दोघी बोलतात आणि बाकीच्या ऐकतात.

पडताळणारीची भूमिका सर्वांत महत्त्वाची. 'बरोबर आहे' असे सौजन्याने म्हणणारी मैत्रीण परीक्षेत उपयोगी पडत नाही आणि वॉर्डात तर नाहीच.

गणित आधी स्वतंत्र

औषधाच्या मात्रेचे गणित हा एकत्र अभ्यासाचा खरा कस आहे. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. प्रत्येकीने आपले उत्तर आधी स्वतंत्रपणे, दुसरीच्या वहीकडे न पाहता काढावे. सर्वांचे झाल्यावरच वह्या समोर ठेवाव्यात. धोकादायक औषधांच्या बाबतीत रुग्णालयांनी जी दुहेरी तपासणीची पद्धत सांगितली आहे, तिचे मर्म हेच आहे. दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचे उत्तर पाहून मान डोलावली, तर ती तपासणी होत नाही. तिने शून्यापासून पुन्हा गणित केले पाहिजे. पहिलीचे उत्तर डोळ्यांसमोर असले की मन त्याच वाटेने जाते आणि तीच चूक दोनदा होते.

एक उदाहरण घेऊ. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे आणि ड्रिप सेटमधून एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात. एकूण थेंब झाले १०,०००. वेळ २४० मिनिटे. म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हे बहुतेक सर्वांना येते. पण सेट लहान मुलांसाठी वापरतात तो, मिलिलिटरला ६० थेंबांचा असला तर? मग मिनिटाला १२५ थेंब लागतील. कोणता सेट आहे हे न पाहता ४२ थेंबांवरच ठेवले, तर चार तासांचे सलाईन संपायला जवळजवळ बारा तास लागतील. गणित बरोबर, पण रुग्णावर परिणाम चुकीचा.

दुसरे उदाहरण बालरुग्णाचे. १२ किलो वजनाच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यावयाचे असेल, तर मात्रा १८० मिलिग्रॅम होते. पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचे सिरप असेल तर ७.२ मिलिलिटर आणि २५० मिलिग्रॅमचे असेल तर ३.६ मिलिलिटर. दोन्ही सिरप दुकानात शेजारी शेजारी मिळतात. बाटलीवरचे लेबल वाचले नाही तर मात्रा एक तर दुप्पट होते किंवा निम्मी.

अशा गणितांत चार वह्यांत दोन उत्तरे निघाली, तर ती सभा यशस्वी झाली असे समजावे. कोणाचे चुकले यापेक्षा कोणत्या पायरीवर वाटा वेगळ्या झाल्या, हे शोधण्यात खरे शिक्षण आहे. आणि जिचे चुकले तिला ते निःसंकोच सांगता यावे, ही गटाची पहिली अट. चूक लपविण्याची सवय अभ्यासाच्या वयात लागली, तर ती वॉर्डात सुटत नाही.

रुग्ण, परिचारिका, परीक्षक

प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेची तयारी एकट्याने जवळजवळ अशक्य आहे. येथे तिघींनी रुग्ण, परिचारिका आणि परीक्षक अशा भूमिका वाटून घ्याव्यात.

कोकणातील विंचूदंशाचे उदाहरण घेता येईल. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा सखोल अभ्यास केला आणि त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. 'रुग्णा'ने आपली लक्षणे विचारल्याशिवाय सांगू नयेत. दंश किती वाजता झाला, घाम किती येतो आहे, उलट्या झाल्या का, हात-पाय थंड पडले आहेत का, धाप लागते का, हे 'परिचारिके'ने विचारले पाहिजे. नाडी आणि रक्तदाब मोजून लिहिला पाहिजे. प्राझोसिन दिल्यानंतर रुग्णाला एकदम उठू न देता झोपवून ठेवावयाचे, कारण उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो, हे तिला सांगता आले पाहिजे. 'परीक्षक' हातातील यादीवर खुणा करते आणि शेवटी काय राहिले ते सांगते. पुष्कळदा राहिलेली गोष्ट क्षुल्लक वाटते, जसे की हात धुणे, रुग्णाचे नाव विचारणे किंवा नोंद करणे. पण प्रात्यक्षिकात गुण तेथेच जातात आणि वॉर्डात रुग्णही तेथेच धोक्यात येतो.

भाषेचाही येथे विचार व्हावा. मराठी माध्यमातून आलेल्या अनेक विद्यार्थिनींना इंग्रजी पुस्तके पाठ होतात, समजत नाहीत. संकल्पना आधी आपल्या भाषेत एकमेकींना समजावून सांगावी आणि मग तीच इंग्रजीत लिहून पाहावी. करंजा किंवा मोऱ्याची वृद्ध कोळीण दवाखान्यात येईल, तेव्हा तिच्याशी इंग्रजी संज्ञांत बोलून भागणार नाही. मैत्रिणीला जे सोप्या मराठीत सांगता आले नाही, ते रुग्णाच्या नातेवाइकांनाही सांगता येणार नाही.

जुन्या वह्यांचा धोका

सीनिअरच्या वह्या हा प्रत्येक अभ्यासमंडळाचा ठेवा असतो. त्या जपून वापराव्यात, कारण वैद्यकातील काही उत्तरे बदलत असतात. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाला आधी श्वासमार्ग मोकळा करावा, मग श्वास द्यावा आणि मग छाती दाबावी, असा क्रम एके काळी शिकविला जाई. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये तो बदलून छाती दाबण्यापासून सुरुवात करण्यास सांगितले. प्रौढांसाठी मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि ३० दाबांमागे दोन श्वास, असे आजचे प्रमाण आहे. प्रसूतीच्या बाबतीतही तसेच. पूर्वीच्या पार्टोग्राफमध्ये प्रसूतीची सक्रिय अवस्था गर्भाशयमुख चार सेंटिमीटर उघडल्यापासून मोजत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत ती पाच सेंटिमीटरपासून धरली आहे.

यासाठी गटाने एक साधा नियम करावा. वहीतील प्रत्येक आकडा चालू पाठ्यपुस्तकाशी किंवा शिक्षिकांकडून एकदा तपासून घ्यावा आणि त्यापुढे तारीख घालावी. एका वहीतील चूक चौघींनी उतरवली की ती चूक राहत नाही, सर्वांचे 'ज्ञान' बनते. एकत्र अभ्यासाचा हा सर्वांत मोठा धोका होय.

परदेशाच्या परीक्षा

परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांना मात्र परवान्याची स्वतंत्र परीक्षा द्यावीच लागते. अमेरिकेची 'एनक्लेक्स' १९९४ पासून संगणकावर घेतली जाते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण, चुकले की सोपा, अशी तिची रचना आहे. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. एप्रिल २०२३ पासून नव्या स्वरूपात ती किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्नांची असून वेळ पाच तासांचा असतो. उमेदवार उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, याची संगणकाला पुरेशी खात्री पटली की ती थांबते. म्हणून ८५ प्रश्नांवर थांबली म्हणजे उत्तीर्ण झालो, हा समज चुकीचा आहे. रुग्णाची हळूहळू उलगडत जाणारी स्थिती देऊन त्यावर निर्णय विचारणाऱ्या प्रश्नमालिका हे या परीक्षेचे नवे वैशिष्ट्य. २००६ पासून तिची केंद्रे भारतात आहेत.

ब्रिटनमध्ये २०१४ पासून दोन टप्पे आहेत. संगणकावरील चाचणीत अंकगणिताचे १५ आणि परिचर्येचे १०० प्रश्न असतात. त्यानंतर ब्रिटनमध्ये जाऊन दहा टेबलांवर फिरत द्यावयाची प्रात्यक्षिक परीक्षा. दुबई, अबुधाबी आणि इतर आखाती ठिकाणच्या आरोग्य खात्यांच्या संगणकीय चाचण्या वेगळ्या.

येथेच आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांसाठी २०२० पासून घेतली जाणारी 'नॉरसेट' ही भरतीची परीक्षा आहे, परवान्याची नाही. ती देण्यासाठी नोंदणी आधी झालेली असावी लागते.

मर्यादेची रेषा

एकत्र अभ्यास आणि एकत्र लबाडी यांतली रेषा कोठे आहे, हे फिलिपिन्समधील एका प्रसंगाने दाखवून दिले. जून २००६ मध्ये तेथे ४० हजारांहून अधिक जणांनी परिचारिकांची राष्ट्रीय परवाना परीक्षा दिली. दोन विषयांचे प्रश्न आधीच फुटून शिकवणी वर्गांच्या उजळणीत पोहोचल्याचे उघड झाले. अमेरिकेसाठी परदेशी परिचारिकांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये निर्णय दिला, की त्या तुकडीतील उत्तीर्णांनी ते दोन विषय पुन्हा दिल्याशिवाय त्यांना व्हिसासाठीचे प्रमाणपत्र मिळणार नाही. ज्यांनी फुटलेले प्रश्न पाहिलेही नव्हते, अशा हजारो प्रामाणिक मुलींच्या प्रमाणपत्रांवरही डाग पडला. त्यातील कित्येकींना पुन्हा परीक्षेला बसावे लागले.

म्हणून 'या वेळी हेच येणार आहे' असा निरोप मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नये आणि त्यावर अभ्यासही बेतू नये. एनक्लेक्सला बसणाऱ्याला प्रश्न बाहेर न सांगण्याचे बंधन स्वीकारावे लागते. ते मोडल्यास निकालच धोक्यात येतो. प्रश्न वाटून घेणे हा अभ्यास नव्हे. विचार करण्याची रीत वाटून घेणे हा अभ्यास.

परीक्षेचा दिवस संपतो, मंडळे पांगतात. कोणी पनवेलला, कोणी मुंबईला, कोणी आखातात कामाला लागते. मागे राहते ती एक सवय. रात्रपाळीत पोटॅशियमचे इंजेक्शन सलाईनमध्ये मिसळण्यापूर्वी शेजारच्या वॉर्डातील सिस्टरला बोलावून 'माझे गणित न पाहता तुमचे करून सांगा' असे म्हणणे, यात कमीपणा नाही. नाइटिंगेल यांना जो सावधपणा कागदावर मोजता येणार नाही असे वाटत होते, तो येथे दिसतो. त्याचा पहिला धडा रविवारी दुपारी, चार वह्या एकदम उघडताना गिरविता येतो.